पान उलटून बघितलं का?

वाचकांचे प्रश्न, भाजीपाला आणि किडी

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून बराच ढीग साठलाय, आणि त्यातले निम्मे प्रश्न एकाच ओळीचे, "भाजीवर कीड आहे, सेंद्रिय औषध सांगा." अहो पण कोणती कीड? उडते, सरपटते का जागची हलतच नाही? पानाच्या वर आहे का खाली? मी काही अंतर्ज्ञानी नाही हो, सासवडच्या बाजूला दीड एकर भाजी करणारा माणूस आहे, जे हातानं केलंय तेवढंच सांगतो. तर ज्यांनी नीट लिहिलंय त्यांचे प्रश्न आधी घेतले, बाकीच्यांनी प्लीज फोटो पाठवा आणि तोही पानाच्या मागच्या बाजूचा.

प्रश्न : काका, मिरची 2 एकर आहे, बोकड्या आलाय. दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) आठ-आठ दिवसांनी 3 वेळा मारला, काडीचा फरक नाही. शेजारचा म्हणतो सेंद्रियच्या नादी लागू नको. काय करू? (नंदुरबार)

शेजाऱ्याशी नंतर भांडू, आधी मिरची बघू. बोकड्या म्हणा, चुरडामुरडा म्हणा, हा एक रोग नाहीच मुळी, पान वाकडं झालं की आपण सगळ्यालाच बोकड्या म्हणून मोकळे होतो आणि खरे धनी असतात तीन. पान कडेनं वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पान खाली वळलंय, वाटी उपडी घातल्यासारखं, देठ लांबलाय आणि पान गडद हिरवं, चिवट लागतंय तर तो कोळी, जाळं विणणारा मोठा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारका. आणि शेंडाच आखडलाय, पानं बारकी, शिरा पिवळट, झाड खुरटं राहिलंय, तर तो व्हायरस, पांढऱ्या माशीनं आणलेला.

आता एक काम करा, पांढरा कोरा कागद घ्या, शेंड्याखाली धरा आणि शेंड्याला बोटानं दोन टिचक्या मारा. कागदावर दोऱ्याच्या बारक्या तुकड्यासारखं काहीतरी पडेल आणि पळायला लागेल, पिवळट किंवा काळपट, ते फुलकिडे. कागदावर काहीच नाही आणि पान मात्र खाली वळलेलं, तर भिंग आणा, दहापट दाखवणारं, कारण मिरचीवरचा हा कोळी नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. मी माझं भिंग गळ्यात दोरीनं बांधून फिरतो, बायको म्हणते डॉक्टर निघाले राऊंडला.

फुलकिडे निघाले तर निळे चिकट सापळे लावा (पिवळे नाही, पिवळ्यावर पांढरी माशी आणि मावा जास्त येतो), निंबोळी अर्क संध्याकाळचा मारा, फुलांच्या आतसुद्धा फवारा गेला पाहिजे कारण ते फुलात दडून बसतात. 2021 ला तेलंगण-आंध्रात जो नवीन काळा फुलकिडा मिरचीवर तुटून पडला होता तो तर फुलातच असायचा आणि भली भली रासायनिक औषधं मारूनसुद्धा लोकांच्या हाताला काही लागलं नाही, हे शेजाऱ्याला सांगा. कोळी असेल तर दशपर्णीनं काही होत नाही, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ते 3 ग्रॅम, सेंद्रियमध्ये ते चालतं, फक्त कडक उन्हात मारायचं नाही आणि निमतेल मारून पंधरा दिवस व्हायच्या आत तर अजिबात नाही, पान जळतं. व्हायरस असेल तर दादा सरळ सांगतो, औषध नाही. झाड उपटायचं, पिशवीत घालून शेताबाहेर न्यायचं. पुढच्या वेळी रोप नेटमध्ये तयार करा आणि लावणीआधी कडेनं मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी टाका, पांढरी माशी वाऱ्याबरोबर येते, तिथं अडते.

थोडक्यात तुमचा दशपर्णी वाईट नव्हता, पत्ता चुकला होता. आणि हो, दशपर्णीत लाल कण्हेर घालायची पद्धत आहे, माझ्या ड्रममध्ये ती जात नाही. विषारीच झाड आहे ते, आणि मिरची तर आपण तोडून तशीच खातो.

प्रश्न : नमस्कार, आमची कारली आणि शिराळी पावसात सगळी वाकडी होतात, पिवळी पडतात, कापली की आत अळ्या वळवळतात. फळमाशीचे सापळे लावलेत, रोज माश्या सापडतात तरी फळं सडतातच. सापळे खोटे का? (पेण, रायगड)

सापळे खोटे नसतील, चुकीचे असतील. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः एक आख्खा सीझन घालवलाय यात. दुकानात गेलो, फळमाशीचा सापळा द्या म्हटलं, त्यानं दिला, मी 10 डबे टांगले आणि चार दिवसांत डब्यात मूठमूठ माश्या. मी खुश. येईल त्याला हात धरून नेऊन दाखवायचो. आणि खाली दोडका सडतोय. महिनाभरानं कृषी विद्यापीठातले एक साहेब आले होते, त्यांनी डब्यातली माशी तळहातावर घेतली आणि म्हणाले ही तुमच्या दोडक्याची नाहीच, ही शेजारच्या पेरूच्या बागेतली!

तर भानगड अशी की फळमाशा वेगवेगळ्या. आंबा, पेरू, चिकूवर येणाऱ्या माशीचा नर मिथाईल युजेनॉलच्या वासाला भुलतो. कारली, दोडका, काकडी, दुधी, भोपळा यांच्यावरची माशी वेगळी, तिच्या नराला लागतो क्यू ल्यूर. दुकानातून आणताना पाकिटावरचं नाव वाचा, "फळमाशी" एवढंच बघू नका. पेणला आंब्याची झाडं आजूबाजूला असणारच, म्हणजे तुमच्या डब्यात काय सापडतंय ते मी इथनं सांगू शकतो. खात्री करायची असेल तर माशीचे पंख बघा, वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीच्या पंखावर तपकिरी डाग आणि पट्टे ठळक असतात, आंब्याच्या माशीचे पंख बऱ्यापैकी स्वच्छ काचेसारखे.

क्यू ल्यूर लावा, एकरी 10 धरा, फळं लागतात त्या उंचीला. पण तेवढ्यावर झोपू नका, कारण सापळ्यात येतो तो नर, आणि मादी आधीच फळलेली असेल तर ती आपलं काम करतच राहते. कोवळ्या फळाला ती शेपटाची सुई टोचते, तिथं चिकाचा एक बारका थेंब येऊन सुकतो, फळ त्या बाजूला वाकतं. सकाळी वेलाखाली वाकून बघा, तो थेंब दिसतो. आत अळ्या वाढतात, फळ गळतं, अळी बाहेर पडून दोन-तीन इंच मातीत शिरते, कोष करते आणि आठवडा-दहा दिवसांनी नवीन माशी वर. म्हणजे आपण किडकी कारली बांधावर फेकतो ना, ती आपली आपणच माशीची नर्सरी चालवतो. ती फळं रोज वेचा, दोन फूट खड्ड्यात पुरा नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. पावसात ऊन कुठलं म्हणाल, तर मग खड्डाच. दोन वेलांमधली माती अधूनमधून हलकी कुदळून घ्या आणि कोंबड्या असतील तर सोडा त्यात, त्या कोष वेचून खातात, फक्त रोपं लहान असताना नको.

अजून एक मजेशीर गोष्ट आहे, ही माशी दिवसभर वेलावर नसतेच. कडेला मका असेल तर मक्याच्या पानाखाली सावलीत बसते आणि अंडी घालण्यापुरती वेलावर येते. त्यामुळं वेलावर कितीही फवारलं तरी तिला फारसा धक्का लागत नाही. घरापुरते चार-पाच वेल असतील तर सगळ्यात भारी उपाय वर्तमानपत्राचा, फळ बोटाएवढं झालं की कागदाची पिशवी चढवायची, वर सुतळी. आमच्याकडे म्हातारी आई दुपारी बसून पिशव्या करायची, पेपर वाचून झाला का म्हणून विचारायची आणि ओढून घ्यायची.

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांमध्ये चवळी लावलीये. शेंगांवर काळा मावा होता, त्यात काळे-केशरी काटेरी किडे फिरत होते, ते मी चिमट्यानं वेचून मारले. आता मावा दुप्पट झालाय. असं कसं? (डोंबिवली)

अहो ताई, चोर सोडून वॉचमनला मारलंत. ते काटेरी, मगरीच्या पिल्लासारखं दिसणारं, सहा पायांवर तुरुतुरु चालणारं जे होतं ना ते लेडीबर्डचं पिल्लू. मोठा झाल्यावरचा तो लाल-केशरी ठिपक्याठिपक्यांचा गोल भुंगा सगळ्यांना गोड वाटतो, मुलं हातावर घेतात, पण त्याचं लहानपणीचं रूप कोणाला माहीत नसतं, आणि ते पिल्लू वाढता वाढता शेकड्यानं मावा फस्त करतं. वाईट वाटून घेऊ नका, शेतकरीसुद्धा हेच करतात. कधी वेळ काढून बसा त्याच्यासमोर, मावा तोंडात धरून कसा चोखतं बघा, मागं नुसतं टरफल राहतं.

आता सध्यापुरतं काय, तर नळीनं पाण्याची जोरात धार मारा, मावा खाली पडला की परत चढायला त्याला जड जातं. उरलेल्यावर साधा अंगाचा साबण लिटरला 5 ग्रॅम किसून, विरघळवून, संध्याकाळी मारा, भांड्याचा लिक्विड सोप नको, त्यानं पानं करपतात. आणि मुंग्या बघा. चवळीवर मुंग्यांची रांग असणारच, त्या माव्याची गोड विष्ठा चाटतात आणि बदल्यात लेडीबर्डला हुसकावून लावतात, पद्धतशीर दूधधंदा आहे तो त्यांचा. कुंड्या पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवा, आणि वेल भिंतीला टेकला असेल तर तो बाजूला घ्या, नाहीतर त्या तिकडून येतात.

फक्त एक, वांग्यावर लेडीबर्डसारखाच एक भुंगा येतो, मळकट तांबूस, चमक नसलेला, अंगावर बारीक लव, ठिपके मोजाल तर 28. तो मात्र पान खातो, शिरा ठेवून मधलं सगळं खरवडतो, पानाची जाळी करतो. त्याची अळी पिवळी आणि काटेरी. त्याला खुशाल वेचा.

प्रश्न : निंबोळी अर्क मारला पण अळ्या मेल्या नाहीत. बाटलीवरचं औषध आणि घरचा अर्क यात कोणता चांगला? (मंगळवेढा)

मरणारच नाहीत लगेच. इथं सगळ्यांचा गैरसमज होतो. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन विषासारखं पटकन मारत नाही, अळीची खायची वासना जाते आणि तिला कात टाकता येत नाही, त्यामुळं ती दोन-चार दिवस तशीच बसलेली दिसते आणि मग वाळून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मेलेल्या अळ्या मोजायच्या असतील तर निंबोळी तुमच्यासाठी नाही. आणि अळी बारीक असतानाच मारायचा, करंगळीएवढी झाल्यावर त्या अर्काला ती जुमानत नाही.

घरचा की बाटलीचा? सध्या निंबोळ्या पडतायत, फुकट आहेत, गोळा करा की. पिवळ्या झालेल्या घ्यायच्या, गर धुऊन काढायचा, बी सावलीत खडखडीत वाळवायचं (उन्हात नाही) आणि बारदानात भरून ठेवायचं, प्लास्टिकच्या गोणीत घाम सुटून बुरशी येते आणि काळी पडलेली बी फेकून द्यायच्याच लायकीची. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी 5 किलो बी भरडून, पीठ करायचं नाही भरडच, 9-10 लिटर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ढवळून फडक्यानं पिळून घ्यायची, चोथा परत थोड्या पाण्यात पिळायचा. 200 ग्रॅम साबण लिटरभर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात घालायचा, नाहीतर पानावर टिकत नाही, आणि एकूण 100 लिटर करायचं. हाच तो 5 टक्के अर्क. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर मारून संपवायचा, शिळा चालत नाही, आणि उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर फुटून जातं म्हणून भर दुपारी मारलेला वायाच. गाळण मात्र दोनदा करा, नोझल चोंदलं की शेतातच शिव्या सुरू होतात.

बाटली घ्यायची वेळ आली तर पीपीएम बघा, म्हणजे त्यात अझाडिरॅक्टिन किती आहे तो आकडा. 300, 1500, 10000 असं लिहिलेलं असतं, भाव त्यावर ठरतो आणि मात्राही. 1500 वालं साधारण लिटरला 3 ते 5 मिली, 10000 वालं 1 ते 2 मिली. नुसतंच "शुद्ध निम" लिहिलंय आणि पीपीएमचा पत्ताच नाही, ती बाटली परत ठेवा.

प्रश्न : तंबाखूचं पाणी मेथी-कोथिंबिरीवर मारलं तर चालेल का? घरचंच आहे, नैसर्गिक आहे. (अकोले)

नाही. निकोटिन हे जबरी विष आहे, नैसर्गिक असलं तरी. साप पण नैसर्गिकच असतो.

प्रश्न : वांग्याला भरताचा भाव चांगला पण निम्मी वांगी आतून किडकी. आत शिरलेल्या अळीसाठी कोणतं औषध? (जळगाव)

आत शिरलेल्या अळीसाठी कोणतंच नाही. अंड्यातून निघाली की काही तासांत ती आत घुसते आणि भोक तिच्याच विष्ठेनं बुजतं, मग बाहेरून तुम्ही काहीही शिंपडा. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी म्हणजे वांग्याचं जुनं दुखणं, याच अळीसाठी बीटी वांगं (जिवाणूचं जनुक घातलेलं) आणायचं चाललं होतं आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. त्या वादात मी पडत नाही, आपण शेंड्याकडे बघू.

फळं लागायच्या आधी ही अळी कोवळ्या शेंड्यात असते. सकाळी सगळं झाड ताजं आणि एखादाच शेंडा मान टाकलेला दिसला की ती आत आहे. तो शेंडा अळीच्या खाली दोन बोटं कापा, चिरून बघा एकदा, गुलाबी-पांढरी अळी दिसेल, मग खात्री पटेल. हे आठवड्याला एकदा, न चुकता, आणि कापलेले शेंडे सरीत टाकायचे नाहीत, पिशवीत घालून जाळा. भरताच्या वांग्याच्या प्लॉटला सुरुवातीपासून वांग्याच्या अळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे) लावा, इथंही पाकिटावर ल्यूरचं नाव वाचून, घाटेअळीचा ल्यूर इथं कामाचा नाही. पतंग सापडायला लागले की ट्रायकोकार्ड आणा, त्यावर परजीवी गांधीलमाशीनं आधीच ताब्यात घेतलेली अंडी चिकटवलेली असतात, एका कार्डवर साधारण 20,000. कात्रीनं पट्ट्या करून पानाखाली स्टेपल करायच्या, संध्याकाळी. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेलं कार्ड लावण्यात अर्थ नाही, आतली उकडून मेलेली असतात. आणि कार्ड लावल्यावर पुढचे काही दिवस कुठलीच फवारणी नको, दशपर्णीसुद्धा.

आणि वांग्यामागं वांगं त्याच रानात घेऊ नका. जुनी झाडं ढिगानं बांधावर रचून ठेवता ना तुम्ही लोक जळणाला, त्यातूनच पतंग निघतो.

प्रश्न : पुण्यात सोसायटीत भाजी विकतो. "सर्टिफिकेट आहे का" विचारतात. सोपा मार्ग आहे का? (भोर)

थेट गिऱ्हाईकाला विकत असाल तर पीजीएस बघा, म्हणजे गावातल्या किमान 5 शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांची शेतं तपासायची, खर्च नगण्य. तुमचा बाहेर एक्स्पोर्टचा विचार असेल तर एनपीओपीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सेंद्रिय कार्यक्रमाचं सर्टिफिकेट तिसऱ्या संस्थेकडून घ्यावं लागतं, भाजीसारख्या हंगामी पिकाला रूपांतराचा काळ 2 वर्षं. दोन्हीत वह्या लिहाव्या लागतात, कधी काय टाकलं, कुठून आणलं, ते जमणार असेल तरच हात घाला. माझं विचाराल तर गिऱ्हाईकाला एक रविवार शेतावर बोलवा.

प्रश्न : तुम्ही लोक सेंद्रिय सेंद्रिय करता पण पहिल्या वर्षी माझी फ्लॉवर अर्धी गेली. हे नुकसान कोण भरून देणार? लोकांना उगाच नादी लावू नका. (मिरज)

राग बरोबर आहे तुमचा. पहिली दोन वर्षं उत्पन्न खाली येतं, हे जो सांगत नाही तो लबाड. जमिनीला सवय नसते, मित्रकिडी आलेल्या नसतात आणि आपल्यालाही काही येत नसतं. श्रीलंकेनं 2021 मध्ये आख्ख्या देशात एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली, तोवर भात आणि चहाचे हाल झाले होते. म्हणून मी कोणालाच सगळं रान एकदम करायला सांगत नाही. 10 गुंठे करा, ज्याच्यावर चूल अवलंबून नाही असे.

फ्लॉवरचं म्हणाल तर ती बहुतेक पाठीवर चौकोनी ठिपके असलेल्या पतंगाची अळी असणार, हात लावला की धाग्याला लोंबकळते तीच. पुढच्या वेळी 25 ओळींमागं मोहरीच्या 2 ओळी करा, एक फ्लॉवर लावायच्या 15 दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी, पतंग अंडी घालायला मोहरी पसंत करतो, फवारायचं ते मोहरीवर. पिकावर गरज पडलीच तर बीटी पावडर, म्हणजे अळीला आजारी पाडणारा जिवाणू, अळी लहान असताना आणि संध्याकाळी. टोमॅटो करत असाल तर तिथं हीच युक्ती झेंडूची, 16 ओळींना 1 ओळ, पण झेंडूचं रोप 45 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं घ्यायचं, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात. हे वय चुकलं की झेंडू फक्त दसऱ्याला उपयोगी.

प्रश्न : शंखी गोगलगायी पाऊस पडला की भाजीची रोपं रात्रीत साफ करतात. मीठ टाकू का शेतात? (लातूर)

शेतात मीठ नको, जमिनीचं वाटोळं होईल. तुमच्याकडं 2022 ला या गोगलगायींनी सोयाबीनचं जे नुकसान केलं ते सगळ्यांना आठवतंय. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं बांधाकडेनं अंथरा, रात्रीत गोगलगायी त्याखाली जमतात, सकाळी ऊन यायच्या आत बादलीत गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका, हातात मोजे घालून. रोपाभोवती कोरड्या चुन्याची बोटभर पट्टी ओढा, पाऊस पडला की परत ओढावी लागते. गल्लीतली पोरं लावा कामाला, आमच्या इथं बादलीला दहा रुपये दर होता, पोरांनी आता वीस केलाय.